रात्री तीनचा खोकला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा प्रवासात ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो. भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साल २०११. मी आठवीत. रात्री तीनच्या सुमारास बाबांचा खोकला सुरू व्हायचा. कोरडा, थांबता न थांबणारा. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज. बाबा उठून भिंतीला टेकून बसायचे, आई पाणी गरम करायची, आणि पाच वाजता सगळं शांत. सकाळी नऊला बाबा शर्ट खोचून दुकानात हजर. दिवसा पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला काहीच झालेलं नाही.

दोन वर्षांत त्या खोकल्याला तीन नावं मिळाली. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘ॲलर्जी आहे.’ कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एक इंजेक्शन आणि चार रंगांच्या गोळ्या. इंजेक्शन घेतलं की आठ-दहा दिवस एकदम बरं, मग पुन्हा रात्री तीन. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘दमा’ म्हटलं, तेही दबक्या आवाजात, जणू पोलीस केस आहे. तिसरे शहरातले होते. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, दोन्ही फुप्फुसांवर बारीक बारीक ठिपके दाखवले आणि टीबीची औषधं सुरू केली. थुंकी तपासली नाही.

त्या औषधांनी लघवी केशरी होते. बाबांना ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते इतके घाबरले की तासभर मोरीतून बाहेरच आले नाहीत. आणि त्याच आठवड्यात मोठ्या आईनं त्यांचं ताट-वाटी वेगळी काढून ठेवली. वाईट मनानं नाही. पण बाबांनी ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते सगळ्यांचं झाल्यावर एकटे जेवायला लागले.

आता इथे थांबून मला एक प्रश्न विचारायचा आहे. जिथे मोठं हॉस्पिटल नाही, छातीचे तज्ज्ञ नाहीत, तिथे ‘हा दमा आहे की ॲलर्जी की टीबी’ हे ठरवायचं कसं? आणि हे ठरवायला माणसं शिकली कशी?

दम्याचं वर्णन ही काही नवी गोष्ट नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांच्यावर अख्खा अध्याय आहे. श्वासाचे पाच प्रकार दिलेत, त्यातला ‘तमकश्वास’ वाचला तर आजच्या दम्याचा पेशंट डोळ्यांसमोर उभा राहतो: घशात घुरघुर, आडवं होता येत नाही, बसलं की बरं वाटतं, कफ सुटला की थोडा वेळ आराम, ढग आले, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास वाढतो. म्हणजे रोग्याशेजारी बसून रात्र काढलेल्या माणसानंच हे लिहिलं असणार.

पण वर्णन वेगळं आणि मोजमाप वेगळं. मोजमाप आलं १८४६ मध्ये. लंडनच्या जॉन हचिन्सन या सर्जननं पाण्यावर तरंगणारं एक उलटं भांडं बनवलं, त्यात माणसानं फुंकायचं आणि किती हवा भरली ते मोजायचं. २,१३० माणसांना त्यानं फुंकायला लावलं. हा स्पायरोमीटर. गंमत म्हणजे आपलं यंत्र विमा कंपन्यांना माणूस किती जगेल हे ताडायला कामी येईल, यावर त्याची मोठी भिस्त होती. पुढे १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर परागकण चोळले, तिथे गांधी उठली, आणि ॲलर्जीच्या कातडीवरच्या तपासणीचा पाया पडला. हवेत वर किती पराग आहेत हे बघायला तो पतंगाला चिकट काचा बांधून उडवायचा. मला हा माणूस फार आवडतो.

आणि ‘ॲलर्जी’ हा शब्द? तो १९०६ चा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो घडवला. अर्थ साधारण असा की शरीर एखाद्या गोष्टीला नेहमीपेक्षा वेगळा प्रतिसाद द्यायला लागलंय. याच पिर्केंनी पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, टीबी ओळखायची कातडीवरची चाचणी आणली. ॲलर्जी आणि टीबी या दोन शब्दांच्या मधोमध माझे बाबा दोन वर्षं अडकले होते, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस निघाला. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बरं, ही सगळी यंत्रं आणि चाचण्या शहरातल्या. आता खरी गोष्ट.

आजच्या आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ आरोग्यवरम नावाचं टीबीचं सॅनेटोरियम होतं. १९४० च्या आसपास तिथे क्रिश्चन फ्रिमॉट-म्यलर हे डॅनिश डॉक्टर काम करत. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून काही वर्षं होती. टीबी ठरला की सॅनेटोरियमची खाट, मोकळी हवा, सकस जेवण आणि महिनोन्‌महिने विश्रांती. घर, शेती, नोकरी सगळं मागे. म्हणजे निदान चुकलं तर माणसाच्या आयुष्यातले काही महिने, कधी वर्षं जायची.

तर त्यांच्याकडे काही विचित्र पेशंट यायला लागले. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं बारीक ठिपक्यांनी भरलेली. असे ठिपके ‘मिलियरी’ टीबीत दिसतात. मिलियरी हा शब्दच मिलेटवरून आलाय, बाजरी-वरईचे दाणे पसरल्यासारखं दिसतं म्हणून. त्या काळात मिलियरी टीबी म्हणजे जवळपास मृत्यूचा दाखलाच. पण हे पेशंट मरत नव्हते! रात्री खोकायचे, धापा टाकायचे, पण त्या एक्स-रेच्या मानानं बरेच धडधाकट. थुंकीत टीबीचे जंतू सापडेनात.

मग रक्त बघितलं. साधी काचपट्टी, रंग आणि सूक्ष्मदर्शक. रक्तात एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, इओसिनोफिल. १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी त्या ओळखल्या, कारण इओसिन नावाचा गुलाबी रंग त्या हावरटासारख्या शोषतात. नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवीवरून, म्हणजे आपली उषा म्हणा. निरोगी माणसात या पेशी मूठभर असतात. या पेशंटांच्या रक्तात त्यांचा महापूर होता. फ्रिमॉट-म्यलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये हे छापलं: टीबीसारखा दिसणारा, पण टीबी नसलेला, इओसिनोफिल वाढलेला आजार.

टीबीच्याच दवाखान्यात बसून ‘याला टीबी नाही’ असं म्हणायला काय लागत असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. समोर एक्स-रे आहे, खाट रिकामी आहे, घरच्यांनीही मनाची तयारी केलेली आहे. सगळं जिकडे ढकलतंय त्याच्या उलट जायचं.

तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, वाइनगार्टन नावाच्या डॉक्टरांनी भारतातल्या अशा ८१ रुग्णांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि आजाराला नाव दिलं: ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. उपचारही सापडला, तो चक्क योगायोगानं. एका रुग्णाला हा खोकला होता आणि सोबत सिफिलिसही. सिफिलिससाठी तेव्हाचं आर्सेनिकचं इंजेक्शन दिलं, आणि छाती मोकळी झाली! का, ते कुणालाच कळेना. आम्ही कोड लिहितो तेव्हाही असं होतं, भलतीच ओळ बदलली आणि बग गेला. चांगला इंजिनिअर तिथे थांबत नाही, तो का गेला ते शोधतो. मी बऱ्याचदा थांबतो, हे कबूल आहे.

पुढचं औषध आलं अमेरिकेतून, पण त्यामागचा माणूस आपल्याकडचा. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, १९२३ मध्ये अमेरिकेला गेले आणि लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या टीमकडून १९४७ मध्ये हत्तीरोगावरचं औषध आलं, डायइथाइलकार्बामेझिन. नाव लांबलचक आहे, आपण ‘हेट्राझान’ म्हणू. हत्तीरोग म्हणजे फायलेरिया, डासातून पसरणाऱ्या बारीक जंताचा आजार. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. त्यानंतर डॉक्टरांनी, त्यात मुंबईतलेही होते, हे औषध या रात्रीच्या खोकल्यावर वापरून पाहिलं, आणि आर्सेनिकपेक्षा कितीतरी सुरक्षितपणे ते लागू पडलं.

जंताचं औषध लागू पडतंय, मग जंत कुठे आहे? रक्तात तर दिसत नाही. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत रात्री रक्तात येतात, म्हणून त्याचं सर्वेक्षण रात्रीच होतं. आमच्या गावात आरोग्य कर्मचारी रात्री बोटाला टोचायला यायचे आणि आम्ही पोरं खाटेखाली लपायचो. पण या खोकलेकऱ्यांचं रक्त रात्री घेतलं तरी जंत सापडत नव्हता. उत्तर मिळालं वेल्लोरला. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी १९६० मध्ये दाखवलं की जंत फुप्फुसात, यकृतात आणि लसिकाग्रंथींत अडकून पडलेला असतो. शरीर त्याला रक्तात फिरूच देत नाही. त्याच्यावर इतकं जोरात तुटून पडतं की त्या मारामारीत आपलीच छाती सुजते.

म्हणजे काय, की हा आजार खरोखर एक प्रकारची ॲलर्जीच आहे. जंताची ॲलर्जी. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी उच्चारलेला शब्द बरोबर होता! फक्त त्याच्या पुढे एक ‘कशाची?’ जोडायचा राहिला.

परत घरी येतो. टीबीची औषधं सुरू होऊन अडीच महिने झाले होते, खोकला तसाच. आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक नवीन मॅडम आल्या होत्या, नुकत्याच एमबीबीएस झालेल्या. आई बाबांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली. मीही गेलो, फाईल धरायला. मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, ‘खोकला किती वाजता येतो?’ इतक्या डॉक्टरांमध्ये हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. बाबांनी तीन म्हणताच त्यांनी पुढचं विचारलं, ‘काका, तुमच्या गल्लीत हत्तीपाय कुणाला आहे का?’

दोघांना होता. एक तर आमच्या भिंतीला लागून.

थुंकी दोनदा तपासली. काही नाही. रक्त तपासलं, इओसिनोफिल ११०० निघाले. ५०० च्या आत हवेत, म्हणजे वाढलेले होते, पण मॅडमना समाधान वाटलं नाही. त्यांनी विचारलं, ‘एवढ्यात ते इंजेक्शन घेतलं होतं का?’ बाबा गप्प. मग आई म्हणाली, ‘सोमवारीच घेतलं जी.’ ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असणार, असं मॅडम म्हणाल्या. स्टेरॉइडनं खोकला दबतो आणि इओसिनोफिलही दबतात. बग रिपोर्ट करायच्या आधी कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करून लॉग पुसून टाकावेत, तसं. दोन वर्षं दर महिन्याला आम्ही स्वतःच पैसे देऊन पुरावा पुसत होतो.

‘तीन आठवडे काही घेऊ नका, मग परत या. दम जास्तच लागला तर मात्र लगेच या, वाट बघू नका.’ ते तीन आठवडे वाईट गेले. मोठी आई म्हणायची, ‘काहून त्रास काढता? एक सुई घेऊन घ्या ना.’ बाबांनी घेतली नाही. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात हट्टी काम असावं.

दुसऱ्यांदा रिपोर्ट आला: पांढऱ्या पेशी १४,२००, त्यात इओसिनोफिल ४८ टक्के. मोबाईलवर गुणाकार मी केला. ६,८१६. मॅडमनी तो कागद घेऊन आम्हाला जिल्ह्याला पाठवलं, तिथे टीबीची औषधं बंद झाली आणि तीन आठवडे हेट्राझान सुरू झालं. पहिले दोन दिवस ताप आणि अंगदुखी. सहाव्या रात्री मी तीन वाजता जागा झालो, सवयीनं. घरात आवाज नव्हता. आई अंधारात बसून होती, तीही सवयीनंच. आम्ही दोघं काही न बोलता पुन्हा झोपलो.

गोष्ट इथे संपली असती तर ती जरा जास्तच गोड झाली असती. झालं असं, की आमच्या घरात हेट्राझान देव झालं. कुणी खोकलं की हेट्राझान. मी बारावीत असताना मलाही धाप लागायला लागली, रात्रीच, शिट्टीसकट. घरच्यांनी ताबडतोब निदान केलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोनदा कोर्स झाला. इओसिनोफिल माझेही वाढलेले होते, ७००. म्हणजे पुरावाही होता! एक अख्खं वर्ष गेलं, सीईटीचा पेपर मी धापा टाकत लिहिला, आणि फरक काडीचा नाही.

पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर एका डॉक्टरांनी माझ्या हातात प्लॅस्टिकची एक नळी दिली. पीक फ्लो मीटर. हे यंत्र मार्टिन राइट यांचं. वेल्समध्ये कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास चालायचा, तिथे ते होते, आणि १९५९ मध्ये त्यांनी मॅकेरो यांच्यासोबत त्यावर लिहिलं. पहिलं मॉडेल बोजड होतं, खिशात मावणारं सत्तरच्या दशकात आलं. वीज लागत नाही, कागद लागत नाही. जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबला ते वाचायचं. मी फुंकलं: ३१०. मग पंपाचे दोन पफ दिले, पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकलं: ४३०.

डॉक्टर म्हणाले, ‘हा दमा आहे.’ सरळ, दबका आवाज नाही. बंद झालेली नळी औषधानं पंधरा मिनिटांत उघडली, एवढं त्यांना पुरेसं वाटलं. तरी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून आणायला लावले. मी अर्थातच एक्सेलमध्ये ग्राफ काढून नेला. सकाळी खड्डा, संध्याकाळी चढ, रोज. त्यांनी तो ग्राफ बघितला आणि हसले. शिक्क्याशेजारी ‘अस्थमा’ लिहिलं. आपल्याकडे बरेच डॉक्टर पेशंट बिथरू नये म्हणून ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ असं काहीतरी लिहून मोकळे होतात. मग पेशंट घरी जाऊन पंप कपाटात ठेवतो, कारण ब्राँकायटिसला कुठे पंप लागतो?

तर एकाच घरात, एकाच वेळेला येणारा, सारखाच वाजणारा खोकला. बाबांचा जंतामुळे, माझा दम्यामुळे. बाबांचं कोडं रक्ताच्या काचपट्टीनं सोडवलं, माझं फुंकायच्या नळीनं. बाबांची चाचणी मला फसवून गेली. माझी चाचणी त्या वेळी बाबांवर केली असती तर काय आलं असतं, सांगता येत नाही. आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी आधी वेळ विचारली होती.

एक सूचना, गंभीरपणे. हा भाग ऐकून कुणी मेडिकलमधून हेट्राझान आणू नका, ती चूक मी तुमच्या वतीनं करून झालेली आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी करा. रक्त तपासायला जाताना मागच्या महिन्यात कुठलं इंजेक्शन, कुठली पांढरी गोळी घेतली ते डॉक्टरांना सांगा, ते विचारोत न विचारोत. आणि तज्ज्ञ मिळत नसला तरी वही मिळते: खोकला किती वाजता, कुठे असताना, कशानं थांबला, एवढं पंधरा दिवस लिहून नेलं तरी समोरच्याला बरंच हातात येतं.

बाबांचा दम पूर्ण परत आला नाही. उपचार उशिरा झाला की फुप्फुसावर थोडे व्रण राहू शकतात, असं त्यांना सांगितलंय. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात, आणि कुणी पाहिलंच तर चपलेचा पट्टा नीट करण्याचं नाटक करतात. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आशाताई येतात तेव्हा गल्लीतले निम्मे लोक गोळी घेऊन मुठीत ठेवतात आणि नंतर नालीत टाकतात. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. हातात पाण्याचा तांब्या. शेजारच्या पोरांना म्हणतात, ‘माह्या समोर गिळ. तोंड उघडून दाखव.’

मागच्या दिवाळीत त्यांनी माझं पीक फ्लो मीटर उचलून फुंकून पाहिलं. २८० आला. ‘तुझा किती?’ मी ४५० सांगितला. त्यांनी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा फुंकायला छाती भरून घेतली.

भेटू पुढच्या भागात.